हलक्या पुलीचा पराक्रम

गाड्यांच्या बॉनेटखाली सगळे एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. ओतूरच्या गजाभाऊ डुंबरेंनी आपल्या गाडीच्या इंजिनाची, पट्टा फिरवणारी जुनी लोखंडी पुली काढून डिकीत टाकली आणि तिच्या जागी हलकी, चकचकीत ॲल्युमिनियमची पुली बसवली.

"मी आले म्हणजे ताकद वाढलीच," नवी पुली म्हणाली.

गजाभाऊंनी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन पूर्वीपेक्षा जरा चटकन गुरगुरलं. पुलीला तेवढं पुरलं.

"अगं बाई," इंजिन म्हणालं, "तू हलकी, म्हणून तुला फिरवायला कष्ट थोडे कमी, एवढंच. ताकद पेट्रोल जळून येते. ते आहे तेवढंच जळतंय."

"मत्सर!" पुली फणकारली.

मग घाट लागला. "चल, उड!" पुली ओरडली. गाडी नेहमीसारखी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढू लागली. एका वळणावर तर उसाचा ट्रॅक्टर तिला मागे टाकून गेला.

"फरक जाणवतोय ना?" गजाभाऊंनी शेजारी बसलेल्या मेव्हण्याला विचारलं.

"म्हणजे काय!" मेव्हणा म्हणाला. पुली बदलायचा सल्ला त्याचाच होता.

पुढे उतार आला आणि गाडी सुसाट सुटली. "बघितलंत माझं काम?" पुली किंचाळली.

बंपरला लिंबू-मिरची टांगलेली होती. त्यातलं सुकलेलं लिंबू आपुलकीनं म्हणालं, "बघितलं गं, बघितलं. मी लटकल्यापासून गाडीला एकही अपघात नाही. आपलं खातं एकच."