हाकारा आणि नारळाचा मान

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात काही हौशी प्रोग्रामर राहत. त्यांनी मिळून 'पहाट' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. ती फुकट होती आणि तिच्यातली ओळन् ओळ सगळ्यांना खुली होती. कुणीही वाचावी, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. नवी आवृत्ती निघाली की गावात सोहळा होई, आणि शेवटची सुधारणा ज्याची, त्याच्या हातून नारळ फुटे.

यंदाचा मान आपलाच, असं हेमांगी धुरीने मनोमन ठरवून टाकलं होतं. का नाही ठरवणार? 'हाकारा' तिचा होता आणि यंदाची शेवटची सुधारणा तिने त्यातच केली होती. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी हाकारा जागा होई आणि बाकीच्या प्रोग्रामांना एकेक करून उठवी. पहिला तयार झाल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही. या शिस्तीचं हेमांगीला भारी कौतुक!

सोहळ्याच्या आदल्या दिवशी डोंगरावरच्या शाळेतून कुंदाबाईंचा फोन आला. नवी आवृत्ती चालवून बघायचं काम त्या शिक्षिकेकडे होतं.

"ताई, पडदा काळाच आहे हो. मुलं म्हणतात, पहाट अजून झोपलीय!"

हेमांगीला लगेच उमगलं. त्या शाळेत इंटरनेट नव्हतं, आणि हाकारा तर इंटरनेटचीच वाट बघत बसला होता. पुढच्या कुणाला तो हाक मारीचना.

तिच्या सोबत्याने, भार्गवने, हे पूर्वीच सांगितलं होतं. "अगं, एका जावयासाठी अख्खी पंगत का ताटकळत ठेवतेस? आलेत त्यांना वाढ ना!" त्यावर ती अशी फणकारली, की दोघांचा अबोलाच झाला. त्याने पाठवलेली सुधारणा तिने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आता तिने ती उघडली. सुधारणा छान होती. इतकी छान, की तिला आधी रागच आला. मग मनात आलं, हेच आपण आपल्या पद्धतीने लिहिलं तर? नाव आपलं, नारळही आपला. विचारतंय कोण? तिने लिहायला सुरुवातही केली.

पण वर स्वतःचं नाव घालताना ती थांबली. दुसऱ्या कुणाला कळो न कळो, तिला तर कळलं होतं. तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि भार्गवची सुधारणा जशीच्या तशी, त्याच्या नावासकट, आत घेतली.

सुधारलेली आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून तिने लगोलग शाळेत धाडली. ती बसवून कुंदाबाईंनी संगणक पुन्हा सुरू केला. फोनमधून मुलांचा असा गलका ऐकू आला, की हेमांगी खुर्चीतून उठून नाचलीच. मग तिने भार्गवला फोन लावला.

"उद्या ये. नारळ तुला फोडायचाय."

"मला? आणि तुझ्या शिस्तीचं काय?"

"नाव काढू नकोस तिचं. आलेत त्यांना वाढलं मी!"

दोघंही पोटभर हसले. दुसऱ्या दिवशी भार्गवने नारळ फोडला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती ती हेमांगी. मान दुसऱ्याला देऊनही आपण एवढ्या खुशीत कशा, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याचं चांगलं काम त्याच्याच नावाने, मोकळ्या मनाने स्वीकारावं. त्याने आपला मान घटत नाही, सगळ्यांचा आनंद मात्र वाढतो.