पोपटिणीचा इसार

रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सुतारपक्षी इतरांना ढोल्या कोरून द्यायचा आणि त्याची भागीदार खार मोबदल्याची कणसं सांभाळायची.

एका पोपटिणीने ढोलीसाठी निम्मी कणसं इसार म्हणून आधीच दिली होती. ढोली तयार झाल्यावर ती उरलेली निम्मी घेऊन आली, तर खार दारातच आडवी बसली.

"पूर्ण मोबदला टाक, मगच आत जा."

"अगं, इसार वजा कर ना! अंडी घालायची वेळ झालीय माझी."

"ती मागची कमाई. कधीच खाऊन संपली."

हे ऐकून सुतारपक्ष्याचा तुरा ताठ झाला. "कमाई? मी एक टोचा मारायच्या आधीच? ढोली तिच्या ताब्यात जाईपर्यंत ती कणसं तिचीच होती! खाल्लीस तू आणि भरायची तिने?"

"गिऱ्हाइकासमोर कशाला ओरडतोस?" खार पुटपुटली.

"ओरडणारच! माझ्या चोचीच्या नावावर लुटतेस?"

त्याने तिला शेपटीला धरून दारातून ओढून काढलं. पोपटीण घाईने आत शिरली. उरलेली कणसं त्याने एकट्यानेच उचलली.

"आणि माझा वाटा?" खारीने विचारलं.

"तो तू आधीच खाल्लास," असं म्हणून तो धुमसतच पुढच्या झाडाकडे उडाला.