भोयांचे गुडघे आणि वैद्याचा लेप

फार फार मागे, डोंगरांत पाऊलवाटा होत्या पण गाडीरस्ते नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एक राजा होता. खाऊनपिऊन सुखी. त्याच्या पालखीच्या भोयांना घाटापेक्षा राजाच जड जाई.

चढउतार करून भोयांचे गुडघे सुजले. म्होरक्या भोई येसबा तर भिंत धरून चालू लागला. राजवैद्याने रानातली एक वेल आणली, तिच्या अर्काचा लेप केला, गुडघ्यांवर गरम बांधला आणि सगळ्यांना आठवडाभर निजवून ठेवले. ठणका गेला, सूजही उतरली. काहींना फोड आले, पण त्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

राजा खूश. "वैद्यराज, तुम्हाला एक गाव इनाम! आणि भोयांनो, आता रोज लेप लावा, रोज दुप्पट मजल मारा!"

येसबाने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. दुप्पट मजल म्हणजे पाय कायमचे जाणार. पण राजापुढे बोलणार कोण?

राणी बोलली. "गुण वेलीचाच कशावरून?"

"मग कुणाचा? माझा?" राजा हसला.

"तेच बघायचंय. तूप भांड्यासकट तोललं, तर सगळं वजन तुपाचं धरायचं का?"

मंडळी, असे गिऱ्हाईक दुकानात शिरले की दुकानदार आपोआप ताठ बसतो. वैद्यही ताठ बसला. पण माणूस सचोटीचा, म्हणाला, "बघू या."

पुढच्या फेरीत गुडघे पुन्हा सुजले. राणीने अर्ध्या भोयांना वेलीचा लेप दिला, अर्ध्यांना राजगिऱ्याच्या भाजीचा पाला वाटून त्याचा लेप दिला. दोन्ही हिरवे, दोन्ही गरम. विश्रांती सगळ्यांना सारखी. कुणाला काय दिले, हे वैद्यालाही सांगितले नाही. तो फक्त रोज दोऱ्याने सूज मोजी.

आठवडा झाला. सूज सगळ्यांची सारखीच उतरली, ठणकाही सारखाच गेला. काहींच्या कातडीवर मात्र पुन्हा फोड आले होते. कुणाला कोणता लेप होता, ते राणीने आता सांगितले. फोडवाले सगळे वेलीचे निघाले.

एक भोई म्हणाला, "म्हंजे मी भाजीनं बरा झालो? मग इनाम माझ्या बायकोला द्या, सरकार!"

वैद्याने हात जोडले. "महाराज, मापं मीच घेतलीत. वेलीत गुण नाही, उलट अपाय आहे. मला इनाम नको."

"मग औषध कोणतं?" राजाने विचारले.

येसबा चाचरत म्हणाला, "जी... आम्हाला मधूनमधून निजू द्यावं. आन् चढाला सरकार खाली उतरले, तर..."

राजाने राणीकडे पाहिले. ती दोरा गुंडाळत होती. दुप्पट मजलेचा हुकूम त्याने तिथेच मागे घेतला.

पुढच्या घाटात राजा पायी चढला. निम्म्यावरच त्याचे गुडघे भरून आले. वैद्य पुढे धावला, तेव्हा राजा धापा टाकत म्हणाला, "लेप राहू द्या हो. आधी जरा बसू द्या."

बोध : बरे वाटले एवढ्यावर औषधाला श्रेय देऊ नये, कशाने बरे वाटले, ते आधी पडताळावे.