एकट्याचा होकार

फार पूर्वी उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठी त्सिमशियन लोकांचं एक घर होतं. घर म्हणजे आईबाप आणि दोन मुलं, असलं आपलं घर नव्हे. देवदाराच्या फळ्यांच्या एकाच लांबरुंद छपराखाली मामा, मावश्या, भाचे, भाच्या मिळून साठ माणसं राहत. दाराशी गरुड कोरलेला उंच खांब होता. समोरची नदी आणि तिच्यात दरवर्षी चढणारे सालमन मासे घराचे होते. कुणा एकाचे नव्हते.

तिथे बापाचं मुलाला मिळत नसे, मामाचं भाच्याला मिळे. म्हातारा प्रमुख वारला, तेव्हा घराने मोठी मेजवानी केली. शेजारच्या घरांना बोलावलं, नदी घराची आहे हे सगळ्यांदेखत सांगितलं आणि मामाचं नाव नि प्रमुखपद भाच्याला दिलं. नाव होतं 'दोन पाण्यांचा राखणदार', म्हणजे नदीचा आणि समुद्राचा. पाहुणे पोटभर जेवले आणि एकेक घोंगडी भेट घेऊन गेले. जो भेट घेईल तो साक्षीदार, असा तिथला रिवाज. उगाच कुणी कुणाला घोंगड्या वाटत नसे.

नव्याचे नऊ दिवस असतात. आपल्या राखणदाराचे तेही सरले नव्हते, तोच एक व्यापारी जहाज घेऊन आला. प्रमुखाला त्याने जहाजावर बोलावलं, पितळी बटणांचा लाल कोट त्याच्या अंगावर चढवला आणि हळूच मुद्द्यावर आला.

"नदीच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत मला खुंट ठोकू द्या, जाळं लावू द्या. बदल्यात पन्नास लोखंडी भांडी देतो."

"घराला विचारून सांगतो," प्रमुख म्हणाला.

"विचारून? एवढा मोठा माणूस आणि विचारावं लागतं?"

हे त्याला वर्मी लागलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "लावा जाळं," तो म्हणून गेला.

घरी येऊन त्याने मोठ्या ऐटीत बातमी सांगितली. कोटाकडे कुणी पाहिलंही नाही. घरातली सर्वांत थोरली बाई म्हणजे त्याची मावशी. तिने चुलाण्यात लाकूड सारलं.

"बस," ती म्हणाली. "आणि आता सगळ्यांना बोलू दे. तू मात्र शेवटी बोल."

कारण रीतच तशी होती. आधी घराने बोलायचं आणि प्रमुखाने सगळ्यात शेवटी. या पठ्ठ्याने नेमकं उलटं केलं होतं.

बैठक दिवसभर चालली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसली. अशा बैठका कंटाळवाण्या असतात, हे मीही कबूल करतो. एकजण म्हणाला, भांडी चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. दुसरा म्हणाला, दिलेला शब्द मागे घेतला तर घराचं तोंड काळं होईल. मग मासे धुरावर वाळवणारी एक बाई बोलली. एरवी ती फारशी बोलत नसे.

"आपण जाळं लावतो तेव्हा मध्ये वाट सोडतो. वरच्या अंगाला दोन घरं आहेत. या काठापासून त्या काठापर्यंत नदी बंद झाली तर ती माणसं काय खातील? आणि मासे वर चढलेच नाहीत, तर पुढच्या वर्षी आपण काय खाऊ?"

मग भांडी चांगली म्हणणारा म्हणाला, "नको ती भांडी." एकेक करत सगळे तेच म्हणाले. शेवटी प्रमुखाची पाळी आली. घराने दिलेलं नाव घर काढूनही घेऊ शकतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने कोट उतरवला.

"मी एकटा बोललो. ते घराचं बोलणं नव्हतं. आत्ता जातो आणि त्याला तसं सांगून येतो."

"एकटा नको जाऊस," मावशी म्हणाली. "एकटा गेलास म्हणूनच हे झालं."

साठच्या साठ माणसं नदीच्या तोंडाशी गेली. व्यापाऱ्याच्या माणसांनी खुंट ठोकायला सुरुवात केलीच होती. प्रमुखाने कोट पुढे केला आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली.

व्यापारी हसला. "शब्द म्हणजे शब्द. नदी घराची आहे, प्रमुखाची नाही, असं म्हणतं कोण? तुम्हीच ना?"

"मागे बघा," मावशी म्हणाली. आदल्या दिवशीच तिने सगळीकडे निरोप धाडले होते.

नदीच्या वरून आणि समुद्राच्या अंगाने होड्या येत होत्या. प्रत्येक होडीत उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर मेजवानीतली घोंगडी होती. पहिल्या होडीतला म्हातारा म्हणाला, "नदी या घराची आहे, असं मी त्या मेजवानीत ऐकलं आणि ही घोंगडी घेतली. आज तेच सांगायला आलोय."

"मीही ऐकलं," दुसऱ्या होडीतली बाई म्हणाली. मग तिसरी होडी, चौथी, पाचवी. प्रत्येकाने तेच सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही.

व्यापारी मूर्ख नव्हता. एका माणसाला गुंडाळणं सोपं होतं, पण अख्खा किनारा विरुद्ध गेला तर त्याच्याशी देवघेव कोण करणार? त्याने कोट घेतला आणि माणसांना माघारी बोलावलं. पहिला खुंट प्रमुखाने स्वतःच्या हाताने उपटला. उरलेले उपटायला सगळा किनारा पाण्यात उतरला आणि बाया गाऊ लागल्या. त्या वर्षी सालमन असे चढले की वरच्या घरांनी धुरावर मासे टांगायला नव्या काठ्या तोडल्या.

चूक धुऊन काढायला प्रमुखाने आपल्या वाट्याचे मासे वाढून सर्वांना जेवण दिलं. पंगत उठल्यावर तो मावशीजवळ आला.

"मावशी, नाव काढून घेणार का?"

"त्या बैठकीत तू शेवटी बोललास," ती म्हणाली. "आणि बरोबर बोललास. राहू दे नाव."

तात्पर्य: गाव करी ते राव न करी, आणि ज्या रावाला हे उमगतं, तोच गावाला शोभतो.