राहीबाईचं दुखणं

गोदाकाठच्या कान्हेरवाडीत तेव्हा श्रीअच्युतगिरी महाराजांचा मुक्काम होता. सकाळच्या आरतीआधी महाराज डोळे मिटून म्हणत, "राही, म्हण बाई." आणि राहीबाई कुंभारीण आपल्या जाड्याभरड्या आवाजात भूपाळी म्हणे.

विश्वंभरबुवा कीर्तनकारांच्या अंगाचा तिळपापड होई. गळा त्यांचा, तालीम त्यांची, आणि मान हिला! "मडकं बडवल्यासारखी गाते," असं ते चारचौघांत हसून सांगत. पण आतून जळत असत.

एके दिवशी राहीबाई आली नाही. किडकी दाढ ठणकून तिचा गाल सुजला होता, आणि सूज हनुवटीखालून गळ्यात उतरली होती. जबडा उघडेना, पाण्याचा घोट गिळवेना, श्वास घरघरू लागला. वैद्यांनी हात टेकले.

आता भूपाळी आपलीच, असं मनाशी म्हणत बुवा पुढे सरसावून बसले. पण महाराज आसनावरून उठले आणि अनवाणीच कुंभारवाड्याकडे चालू लागले! बुवांना तिच्या दुखण्याचाही हेवा वाटला. ते मागोमाग गेले.

"बुवा, हिचं डोकं मांडीवर घ्या," महाराज म्हणाले.

बुवांनी नाक मुरडतच घेतलं. अंग तापाने फणफणलं होतं. श्वासासाठी तडफडत राहीबाईने त्यांचंच मनगट घट्ट धरलं. त्या भेदरलेल्या डोळ्यांत पाहताच बुवांच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, वाचवा हो हिला!"

महाराजांनी तिच्या गालावरून हात फिरवला मात्र, आतलं गळू फुटलं! पू-रक्ताने बुवांचं धोतर भिजलं. राहीबाईने छातीभर श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

बुवांनी हर्षाने वर पाहिलं, तो काय! महाराजांचाच गाल टम्म सुजलेला!

"हे काय, महाराज?"

"तिचं थोडं उरलं होतं," महाराज कष्टाने म्हणाले. "ओसरेल हळूहळू."

"मला द्या ते! ही आजारी पडली तेव्हा मला आनंद झाला होता, महाराज."

"ठाऊक आहे. म्हणून तर डोकं तुमच्या मांडीवर दिलं."

राहीबाईचं डोकं अलगद खाली ठेवून बुवा हुंदके देत महाराजांच्या पायांवर कोसळले. मग ते राहीबाईकडे वळले. ती पाय आखडून घेत पुटपुटली, "आवं बुवा, नगा, मी कुंभारीण..."

पण तोवर बुवांचं मस्तक तिच्या पायांवर टेकलं होतं.