कोरड्या जमिनीवरचा डोंगा

एकदा एका विस्तीर्ण तळ्याची हद्द आखायची ठरली. महिना वैशाखाचा. पाणी आटून पार मध्यावर आलेलं, आणि भोवतीच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर एका व्यापाऱ्याचा डोळा. तिथे त्याला गोदाम बांधायचं होतं. 'तळ्याबाहेरची तेवढी जमीन द्यावी,' असा त्याचा अंमलदाराकडे अर्ज. ऐकायला किती सोज्वळ!

खुंट्या ठोकायचं काम मन्सारामकडे आलं. तळ्यावरच्या एका वृद्ध ढिवराचा हा शिष्य. जाळं विणण्यापासून मासा ओळखण्यापर्यंत सारं त्याच्याकडूनच शिकत होता. माणूस प्रामाणिक. पाणी जिथे संपलं, तिथे त्यानं खुंट्या ठोकल्या. व्यापारी खूश! अंमलदारानं कागद काढला आणि साक्षीच्या अंगठ्यासाठी म्हाताऱ्याला बोलावलं.

म्हाताऱ्यानं खुंट्या पाहिल्या आणि म्हणाला, "मन्साराम, डोंगा उचल."

दोघांनी डोंगा खांद्यावर घेतला आणि चक्क पाण्याकडे पाठ करून चालू लागले. खुंट्या ओलांडल्या, भेगाळलेली जमीन ओलांडली. चारशे पावलांवरच्या अर्जुनाच्या झाडाला म्हाताऱ्यानं डोंगा बांधला आणि स्वतः आत जाऊन बसला. लोक पोट धरून हसले.

"बाबाजी, काय हे! लोक हसून राहिले," मन्साराम शरमेनं पुटपुटला.

व्यापारी धापा टाकत आला. "उन्हानं डोकं फिरलं का, बाबाजी? इथे पाणी कुठंय?"

म्हाताऱ्यानं वाकून एक ढेकूळ फोडलं. आतले शिंपले तळहातावर धरले. "शेठ, तुमच्या जमिनीत हे कोणी पेरले?"



मग तो शिष्याकडे वळला. "लेका, तू तहानलेलं तळं मोजलंस. घरधनी परगावी गेला म्हणून घर शेजाऱ्याचं होतं का? श्रावणात पाणी या झाडाच्या बुंध्याशी येतं. इथल्या उथळ गवतातच मासोळी अंडी घालते. इथे गोदाम उभं राहिलं, तर तळ्यात पाणी उरेल, मासा उरणार नाही. मग जाळं कशासाठी विणतोस?"

"म्हणजे पाऊस येईस्तोवर इथंच बसणार?" व्यापारी भडकला.

"बसणार! पाणी स्वतः न्यायला येईल मला. अंगठा मात्र मिळणार नाही. कापून न्यायचा तर न्या."

मन्साराम तडक माघारी गेला आणि एकेक खुंटी उपटू लागला. "खबरदार, हात लावशील तर!" व्यापारी ओरडला.

"ठोकल्या मी, चुकलो मी," तो म्हणाला. "उपटणारही मीच."

साऱ्या खुंट्या त्यानं अंमलदाराच्या पायाशी आणून टाकल्या. अंमलदारानं एकवार त्या दोघांकडे पाहिलं आणि कागद गुंडाळला. "हद्द श्रावणात आखू," तो म्हणाला.

कुणाचंही माप त्याच्या आटत्या दिवसांत घेऊ नये. आणि कुणी आपलं तसं घेतलंच, तर त्याखाली आपला अंगठा उठवू नये.