देवीचा चुडा

जाखूबाईच्या देवळासमोर हमीदाबी मणेरीण बांगड्या भरायची. जत्रेच्या कमाईवर तिचं वर्ष निघायचं. देवीचा हिरवा चुडाही तिच्याच दुकानातला.

यंदा ट्रस्टचे नवे अध्यक्ष रणदिवे ऐन गर्दीत येऊन गरजले, "दुकान उचला! परधर्मीयाचा माल देवळापाशी चालणार नाही."

"उचलते की, भाऊ," हमीदाबी शांतपणे म्हणाली. "पण देवळापाशी चालत नाही, तो गाभाऱ्यात कसा चालेल? आधी सवाष्ण देवीचा चुडा उतरवा. ते काम मात्र तुमच्या हातानं होऊ द्या."

बायकांनी तोंडाला पदर लावले. रणदिव्यांच्या बायकोनं तिथंच बसकण मारून हात पुढे केला.

"हमीदाबी, भरा हो. यांचं ऐकलं तर माझाही चुडा उतरवायची पाळी यायची!"